छोटं अणुघड्याळ: किती पैसे, किती अचूकता आणि मुंबईतल्या घरात ते लावायचं कसं

छोटं अणुघड्याळ घ्यायचं ठरलं की नजर आधी माहितीपत्रकातल्या घातांकावर जाते: १० चा उणे अकरावा घात, उणे बारावा घात. किंमत मात्र त्या आकड्यावरून ठरत नाही. काडेपेटीएवढं चिप-स्केल अणुघड्याळ काही हजार डॉलरला मिळतं. टेलिकॉमच्या केंद्रातून उतरवलेलं, तळहाताहून मोठं, जुनं रुबिडियम अणुघड्याळ दीड-दोनशे डॉलरच्या आसपास मिळतं. आणि एका सेकंदाच्या मोजमापात हे दुसरं पहिल्यापेक्षा तीस पट स्थिर असतं. जास्तीचे पैसे आपण मोजतो ते वीज, वजन आणि आकार वाचवण्यासाठी. हे नीट कळलं की नव्या माणसाचे निम्मे चुकीचे खर्च टळतात.

आधी आकडे वाचायला शिका

घातांकांऐवजी आपल्या कोटीत मोजलं तर सोपं जातं. एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. घड्याळाची चूक अब्जात एक भाग असेल तर ते दिवसाला ८६.४ मायक्रोसेकंद सरकेल. हजार कोटीत एक (उणे दहावा घात) म्हणजे ८.६४ मायक्रोसेकंद, दहा हजार कोटीत एक (उणे अकरावा) म्हणजे ०.८६ मायक्रोसेकंद आणि लाख कोटीत एक (उणे बारावा) म्हणजे साधारण ८६ नॅनोसेकंद. हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पदोपदी लागतो.

पत्रकात तीन वेगळ्या गोष्टी दिलेल्या असतात आणि त्यांची हमखास गल्लत होते. पहिली म्हणजे अल्पकालीन स्थैर्य, म्हणजे ॲलन विचलन: एक, दहा, शंभर सेकंदांच्या सरासऱ्या एकमेकींपासून किती हलतात. दुसरी, आज वारंवारता खऱ्या मूल्यापासून किती दूर आहे. तिसरी म्हणजे एजिंग, महिन्यागणिक ती किती सरकते. एखादं घड्याळ पहिल्यात उत्तम आणि तिसऱ्यात साधारण असू शकतं. ओव्हनमधला (ठरावीक तापमानात तापवून ठेवलेला) चांगला क्रिस्टल, म्हणजे ओसीएक्सओ, एका सेकंदाला लाख कोटीत एक इतका शांत असतो. इथे तो बहुतेक छोट्या अणुघड्याळांना मागे टाकतो. पण त्याचं एजिंग रोजचं हजार कोटीत अर्धा-एक भाग असू शकतं, आणि तिथे रुबिडियम त्याच्या कितीतरी पुढे जातं.

पायरी १: घड्याळाला एकट्याने किती वेळ चालायचंय ते ठरवा

सगळी निवड या एका प्रश्नावर अवलंबून आहे. जीपीएसचा सिग्नल कायम मिळत असेल तर अणुघड्याळाची गरजच नाही. जीपीएसला बांधलेला ओसीएक्सओ, म्हणजे जीपीएसडीओ, कमी पैशांत दीर्घकाळासाठी जास्त अचूक राहतो. प्रयोगशाळेतला काउंटर, सिग्नल जनरेटर किंवा हॅम रेडिओसाठी १० मेगाहर्ट्झचा संदर्भ एवढंच हवं असेल तर आमचा स्पष्ट सल्ला तोच आहे.

सिग्नल गेल्यावर पुढे किती काळ तग धरायचा, हा खरा मुद्दा. इंग्रजीतलं ‘होल्डओव्हर’ आपल्याकडेही तसंच वापरतात. एजिंगमुळे येणारी वेळेची चूक वेळेच्या वर्गाने वाढते: दिवसाचं एजिंग × दिवसांचा वर्ग × ८६,४०० ÷ २. जुन्या टेलिकॉम रुबिडियमचं एजिंग महिन्याला दहा हजार कोटीत ५ भाग धरा. घड्याळ सुरुवातीला अगदी बरोबर लावलेलं असेल तर पहिल्या दिवशी सुमारे ०.०७ मायक्रोसेकंद आणि दहाव्या दिवशी सुमारे ७ मायक्रोसेकंद चूक होईल. चिप-स्केल घड्याळाच्या पत्रकातली मर्यादा महिन्याला हजार कोटीत ९ भाग आहे, म्हणजे एका दिवसात १.३ आणि दहा दिवसांत १३० मायक्रोसेकंद. प्रत्यक्षात बरेच नग याहून चांगले निघतात, पण आखणी मर्यादेवरच करावी. ५जी टीडीडी जाळ्यातल्या (पाठवणं आणि घेणं एकाच वारंवारतेवर पाळीपाळीने करणाऱ्या) बेस स्टेशनला ±१.५ मायक्रोसेकंदांत राहावं लागतं. एका दिवसाच्या होल्डओव्हरसाठी तिथे काय चालेल आणि काय नाही, हे या आकड्यांवरूनच दिसतं.

पायरी २: कोणतं घ्यायचं

चिप-स्केल घड्याळ म्हणजे मायक्रोचिपचं एसए.४५एस आणि त्याची पुढची भावंडं. २०११ साली सिमेट्रिकॉमने ते बाजारात आणलं तेव्हा सुमारे १,५०० डॉलरला होतं. आज एकच नग घेतला तर त्याच्या काही पट मोजावे लागतात. वजन ३५ ग्रॅम, वीज ०.१२ वॅट, पुरवठा ३.३ व्होल्ट. जुन्या रुबिडियममध्ये वाफेवर प्रकाश टाकायला दिवा असतो, तसा यात नसतो. ८९४ नॅनोमीटरचा बारीकसा लेसर ४.६ गिगाहर्ट्झने मोड्युलेट करतात. त्यातून प्रकाशाचे दोन पट्टे तयार होतात, आणि त्यांच्यातलं अंतर सीझियमच्या ९,१९,२६,३१,७७० हर्ट्झशी जुळलं की सीझियमची वाफ प्रकाश कमी शोषते. तो क्षण पकडून क्रिस्टलला ताळ्यावर ठेवतात. एका सेकंदाचं स्थैर्य हजार कोटीत ३ भाग. बॅटरीवर महिनोन्महिने समुद्रतळाशी बसणाऱ्या भूकंपमापकासाठी हे पैसे सार्थकी लागतात.

ते किती वीज वाचवतं ते हिशेबातच पाहा. लॅपटॉपमधला १८६५० आकाराचा एक सेल साधारण ९ वॅट-तास देतो. कन्व्हर्टरची गळती धरूनही चिप-स्केल घड्याळ त्यावर अडीच दिवस चालेल. जुन्या रुबिडियमला स्थिर झाल्यावरही १० ते १२ वॅट लागतात. यूपीएसच्या १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या तरी १० ते १२ तासच मिळतात.

मधल्या फळीत ५१ × ५१ × १८ मिलिमीटरची रुबिडियम मॉड्युल आहेत, उदाहरणार्थ एसए५एक्स: ५ व्होल्टवर चालतात, सहा-सात वॅट घेतात. बोर्डावर बसवायचं उत्पादन करणाऱ्यांसाठी ती योग्य आहेत. शिकणाऱ्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

नव्या माणसासाठी खरी निवड दोनच जुन्या नगांत असते: एफ्राटॉमचं एलपीआरओ-१०१ आणि फ्रिक्वेन्सी इलेक्ट्रॉनिक्सचं एफई-५६८०ए. आमचा कौल एलपीआरओला. त्याला २४ व्होल्टचा एकच पुरवठा लागतो, १० मेगाहर्ट्झची साइन लहर मिळते, लॉक झाल्याची (आतला क्रिस्टल अणूंच्या वारंवारतेशी जुळल्याची) खूण आणि दिव्याचा व्होल्टेज स्वतंत्र पिनांवर वाचता येतो. एफई-५६८०ए स्वस्त आणि चपटं आहे, सिरियल आज्ञेने लावता येतं. पण त्याच नावाखाली वेगवेगळ्या जोडण्यांचे प्रकार विकले जातात. काहींना १५ व्होल्टबरोबर वेगळे ५ व्होल्ट लागतात, काहींना नाही. काहींवर एक-पल्स-प्रति-सेकंद, म्हणजे पीपीएस, मिळतो, काहींवर नाही. विक्रेत्याने पिनांचा नकाशा दिला नाही तर तो नग सोडून द्या.

नावात ‘अणू’ असला तरी किरणोत्साराची भीती बाळगायचं कारण नाही. इथे अणूचं केंद्रक फुटत नाही. रुबिडियमच्या वाफेत ६.८३४ गिगाहर्ट्झचा एक अनुनाद असतो, तो फक्त वाचला जातो. आपल्या नाविक या दिशादर्शन प्रणालीच्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात २९ मे २०२३ रोजी जे देशी घड्याळ गेलं, तेही रुबिडियमचंच. अहमदाबादच्या स्पेस ॲप्लिकेशन्स सेंटरने ते बनवलं, आणि आधीच्या उपग्रहांतली आयात घड्याळं बंद पडल्यानंतर त्याची निकड किती होती हे या क्षेत्रातला प्रत्येक जण जाणतो.

पायरी ३: मागवणं आणि हातात पडेपर्यंतचा खर्च

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात पॉवर सप्लाय, हीटसिंक, बीएनसी केबल, ॲल्युमिनियमचा डबा हे सगळं मिळेल. रुबिडियम तिथे क्वचितच दिसतं. ते बहुधा परदेशातून मागवावं लागतं, त्यामुळे वेबसाइटवरची किंमत ही खरी किंमत नव्हे. समजा वस्तू, भाडं आणि विमा मिळून २०,००० रुपये झाले आणि तुमच्या वर्गीकरणाला १० टक्के मूळ सीमाशुल्क लागलं. मग २,००० शुल्क, त्यावर १० टक्के अधिभार म्हणजे २००, आणि २२,२०० वर १८ टक्के आयजीएसटी म्हणजे ३,९९६. एकूण २६,१९६, शिवाय कुरिअरची हाताळणी. शुल्काचा दर वस्तूच्या कोडवर ठरतो, म्हणून पैसे भरण्याआधीच कुरिअर कंपनीला कोड आणि दर विचारा. केवायसीची कागदपत्रं तयार ठेवा, नाहीतर पार्सल गोदामात पडून राहतं. नवं चिप-स्केल घड्याळ घेत असाल तर विक्रेता अंतिम वापराचं लेखी निवेदन मागू शकतो. त्यात उपयोग स्पष्ट आणि खरा लिहा.

जुन्या नगासाठी विक्रेत्याकडून दोन गोष्टी मागा: लॉक झाल्याचा फोटो आणि दिव्याचा व्होल्टेज. एलपीआरओमध्ये तो ३ ते १४ व्होल्टच्या दरम्यान असायला हवा. तीनच्या जवळ आलेला दिवा थकलेला असतो. नुसतं ‘चालू स्थितीत’ असं लिहिलेलं पुरेसं नाही.

पायरी ४: वीज

सुरुवातीला आतले हीटर तापतात तेव्हा एलपीआरओ १.७ अँपिअरपर्यंत ओढतं, नंतर साधारण अर्धा अँपिअर. म्हणून २४ व्होल्ट, किमान २ अँपिअरचा सप्लाय घ्या, मीन वेलचा एलआरएस-५०-२४ (२.२ अँपिअर) बरोबर बसतो. १९ व्होल्टचा लॅपटॉप अडॅप्टर वापरायचा मोह होतो. एलपीआरओची खालची मर्यादाच १९ आहे, त्यात बारीक वायरीत अर्धा व्होल्ट पडला की घड्याळ लॉक होत नाही आणि दोष दिव्यावर जातो. वायर ०.७५ चौरस मिलिमीटर किंवा जाड घ्या आणि व्होल्टेज घड्याळाच्या पिनांवर मोजा, सप्लायच्या टोकाला नव्हे.

स्विचिंग सप्लायचा कचरा १० मेगाहर्ट्झच्या आजूबाजूला बारीक रेघा म्हणून दिसतो. पुरवठ्याच्या वाटेत १०० मायक्रोहेन्रीचा, ३ अँपिअर सोसणारा इंडक्टर आणि त्यापुढे ३५ व्होल्ट सोसणारा १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकला की बराच फरक पडतो. एफई-५६८०एला १५ ते १८ व्होल्ट लागतात. २४ चुकूनही देऊ नका.

वर्षभर अखंड चालवलं तर १२ वॅटने १०५ युनिट जळतात, सप्लायची गळती धरून १२०. खर्च आधी मनाशी पक्का करा, कारण रोज बंद-चालू केलेलं रुबिडियम प्रत्येक वेळी थोड्या वेगळ्या वारंवारतेवर येऊन बसतं.

पायरी ५: उष्णता, म्हणजे खरी लढाई

मुंबईत इथेच सगळं बिघडतं. घड्याळाचा धातूचा पाया हाच त्याचा उष्णता बाहेर टाकायचा मार्ग आहे. टेबलावर नुसतं ठेवलं तर पाया ६० अंशांच्या पुढे जातो आणि आयुष्य झपाट्याने घटतं. खोली ३२ अंश, लक्ष्य ५० अंश आणि १२ वॅट असं धरलं तर हीटसिंक १.५ अंश प्रति वॅट किंवा त्याहून चांगलं हवं: साधारण १५० × १०० मिलिमीटर, ४० मिलिमीटर उंच पंखांचं, पंख उभे ठेवून. मधे थर्मल पेस्टचा पातळ थर द्या आणि चारही स्क्रू सारखे आवळा.

पंखा लावून पाया गार करणं ही दुसरी टोकाची चूक. आतले हीटर त्या गारव्याशी झगडतात, वीज वाढते आणि वाऱ्याच्या प्रत्येक झुळकेबरोबर वारंवारता डुलते. घड्याळ थंड नको, स्थिर हवं. समजा पत्रकात १०० अंशांच्या पट्ट्यात हजार कोटीत ५ भाग दिले आहेत. मग अंशामागे दहा हजार कोटीत अर्धा भाग आला. एसी चालू-बंद होऊन खोली ८ अंश हलली की दहा हजार कोटीत ४ भाग, म्हणजे दिवसाला साडेतीन मायक्रोसेकंद. एजिंगच्या ०.०७ पुढे हा आकडा ठेवून पाहा! म्हणून एसीच्या झोतापासून आणि पश्चिमेच्या उन्हाच्या खिडकीपासून लांब, बंद डब्यात, हीटसिंक तेवढं बाहेर काढून घड्याळ बसवा. मोठे ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरही दूर ठेवा; चुंबकीय क्षेत्रानेही वारंवारता हलते.

पावसाळ्यात चालू घड्याळाला दमटपणाचा त्रास होत नाही, ते स्वतःच उबदार असतं. बंद ठेवायचं असेल तर झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत वीज देऊ नका.

पायरी ६: पहिल्यांदा चालू करताना

१. पिनांचा नकाशा दोनदा तपासा. उलट ध्रुवतेला बहुतेक नगांत माफी नाही.

२. १० मेगाहर्ट्झच्या टोकाला ५० ओहमचा रोध लावून ते ऑसिलोस्कोपला जोडा. एलपीआरओमधून शिखर ते शिखर साधारण १.४ व्होल्ट दिसायला हवेत. जवळजवळ दुप्पट दिसले तर ५० ओहम जोडायचे राहिलेत.

३. चालू करा आणि प्रवाह पाहा: आधी दीड अँपिअरच्या पुढे, मग काही मिनिटांत खाली. लॉक होईपर्यंत वारंवारता मागेपुढे झाडू मारल्यासारखी फिरते; तो दोष नव्हे, आतलं सर्किट अनुनाद शोधत असतं.

४. पाच-सहा मिनिटांत लॉकची खूण बदलायला हवी. एलपीआरओमध्ये लॉक झाल्यावर ती पिन शून्याजवळ येते, आधी चार-साडेचार व्होल्ट असते. नवखे लोक नेमकं उलटं वाचतात.

५. लॉक झालं तरी किमान २४ तास हात लावू नका.

लॉक होत नसेल तर क्रमाने पाहा. पहिला संशय सप्लायच्या प्रवाहमर्यादेवर घ्या. मग दिव्याचा व्होल्टेज. तो ठीक असूनही झाडू चालूच राहिला तर आतल्या क्रिस्टलची धाव अनुनादापर्यंत पोचत नसते. एफई-५६८०एमध्ये हा ओळखीचा आजार आहे, क्रिस्टलजवळचा ट्रिमर कपॅसिटर किंचित फिरवल्यावर बरा होतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या नगात रुबिडियम दिव्याच्या काचेवर नको तिथे साचतं आणि दिवा पेटत नाही. काही तास चालू ठेवल्यावर कधी कधी तो सावरतो.

पायरी ७: जीपीएसशी जुळवणी

रुबिडियम स्थिर असतं, पण आपोआप बरोबर नसतं. वाफेबरोबर भरलेल्या वायूमुळे त्याची वारंवारता नगागणिक वेगळी असते, म्हणून ते कशाशी तरी ताडून लावावंच लागतं. अधिकृत दाखला हवा असेल तर तो दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत, म्हणजे भारतीय प्रमाणवेळ जिथे राखली जाते तिथपर्यंत, पोचणाऱ्या कॅलिब्रेशनचा लागेल. घरगुती कामाला जीपीएसचा पीपीएस पुरतो.

निळ्या पट्टीवरची चार पिनांची स्वस्त निओ-६एम मॉड्युल घेऊ नका. त्यांत पीपीएस पिनेवर आणलेलाच नसतो. यूब्लॉक्सचं निओ-एम८टी हे खास वेळेसाठीचं रिसीव्हर घ्या. मुंबईच्या इमारतींत गॅलरीतून अर्धंच आकाश दिसतं, आणि इथे त्याचा मोठा गुण कामी येतो: एक दिवस जागा मोजू दिली की ते स्थिर-जागा मोडमध्ये एका उपग्रहावरही वेळ देतं. अँटेना गच्चीवर नेणार असाल तर सोसायटीची परवानगी काढा आणि केबलच्या वाटेत सर्ज अरेस्टर बसवा.

आता स्कोपच्या पहिल्या चॅनलला पीपीएस द्या आणि त्यावर ट्रिगर करा, दुसऱ्याला १० मेगाहर्ट्झ, वेळपट्टी २० नॅनोसेकंद प्रति घर. दर सेकंदाला लहर दिसेल. पीपीएस स्वतः वीस-तीस नॅनोसेकंद थरथरतो, म्हणून एका दर्शनावर विसंबू नका, दहा-पंधरा सेकंदांची मधली जागा डोळ्यांत धरा. लहर डावीकडे सरकत असेल तर घड्याळ वेगात आहे, उजवीकडे सरकत असेल तर मंद. एक पूर्ण लहर, म्हणजे १०० नॅनोसेकंद, सरकायला लागलेले सेकंद मोजा: १०० सेकंद लागले तर चूक अब्जात एक, १,००० लागले तर हजार कोटीत एक, १०,००० म्हणजे पावणेतीन तास लागले तर दहा हजार कोटीत एक.

एलपीआरओचा ट्रिमर, म्हणजे वारंवारता लावायचा स्क्रू, अगदी थोडा फिरवा आणि पुन्हा मोजा. एफई-५६८०एमध्ये सिरियल आज्ञा देण्याआधी जुनं मूल्य वाचून लिहून ठेवा. जसजसं जवळ याल तसतसा धीर जास्त लागतो. पीपीएसची थरथर २० नॅनोसेकंद धरली तर दहा हजार कोटीत एक ओळखायला किमान अर्धा-पाऊण तास लागतो आणि लाख कोटीत एक ओळखायला साडेपाच तासांच्या पुढे. पाच मिनिटं बघून स्क्रू फिरवत राहणारा माणूस जीपीएसच्या थरथरीमागे धावत असतो. रोजची नोंद संगणकाने घ्यायची असेल तर टीएपीआरचं टीआयसीसी हे ६० पिकोसेकंदांचं कार्ड आणि टाइमलॅब हे मोफत सॉफ्टवेअर ही जोडी उत्तम. ॲलन विचलनाचा आलेख तेच काढून देतं.

पायरी ८: पीपीएस हवा असेल तर

एलपीआरओमधून पीपीएस मिळत नाही. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मग ७४एचसीयू०४ या इन्व्हर्टर आयसीचा एक गेट, त्याच्या आउटपुटपासून इनपुटपर्यंत १०० किलोओहम, आणि त्यापुढे आणखी एक गेट: साइनची चौकोनी लहर झाली. तिला सात वेळा दहाने भागायचं; ७४एचसी३९० मध्ये दहाचे दोन भाजक असतात, म्हणून चार आयसी लागतात. भाजकांच्या साखळीत उशीर साचत जातो आणि तो तापमानाने बदलतो, म्हणून शेवटचं आउटपुट ७४एचसी७४ या फ्लिप-फ्लॉपमधून मूळ १० मेगाहर्ट्झच्या ठोक्यावर पुन्हा पकडा. ‘यू’ नसलेला साधा ७४एचसी०४ इथे वापरला तर तो मधेच दुसऱ्याच वारंवारतेवर गुणगुणू लागू शकतो. न वापरलेल्या इनपुट पिना जमिनीला जोडा, आणि प्रत्येक आयसीच्या पुरवठ्याशेजारी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.